विहिरीतल्या वहिनीचा आवाज

कालिंदी घाडी कुणाचं काही विसरत नाही, हे लालबागच्या तिच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. चौऱ्याण्णव साली ज्या कोळणीने तिच्या पिशवीत शिळी सुरमई सरकवली, तिच्या सुनेकडूनही ती आजतागायत मासळी घेत नाही. सून बिचारी तेव्हा दुसरीत होती. तिचा काय दोष, असं कुणी विचारलं तर कालिंदी म्हणते, "दोष नाही गो, पण टोपली तीच ना?" आणि दोन गल्ल्या ओलांडून दुसरीकडे जाते. गुडघे दुखतात, तरी जाते.

अशा बाईचं ज्याने खरोखरीचं वाकडं केलं, त्याने पस्तीस वर्षं तिचा एकदाही विचार केला नाही. मोठी माणसं करत नाहीत. ही गोष्ट त्या चुकीचीही आहे.

कालिंदी एकसष्टची. लग्न केलं नाही. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. "नमस्कार, कुठला वॉर्ड हवाय?" एवढंच ती म्हणायची, पण समोरचा घाबराघुबरा माणूस जरा शांत व्हायचा. नवे डॉक्टर हा आवाज कुणाचा म्हणून मुद्दाम तळमजल्यावर बघायला यायचे आणि जाड चष्म्याची, तेल चोपडलेल्या वेणीची बाई बघून परत जायचे. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. आवाजामागे तोंड लपवून राहायची तिला सवय झाली होती. ती सवय लावणारा माणूस मात्र तिच्या पक्का लक्षात होता.

आता जुनी चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत ती अकराव्या मजल्यावर राहते. शेजारच्या घरात भाऊ राजेश, त्याची बायको आणि मुलगी आकांक्षा. आकांक्षा सव्वीसची, लोअर परळला ऑफिसात कामाला. गेल्या वर्षी एका शनिवारी ती आत्याच्या घरात आरशासमोर उभी होती. अंगावर आईची हिरवी साडी, केस मुद्दाम ओले केलेले, कपाळावर फासलेलं कुंकू. हात वर करून ती ओरडत होती, "बा देवा रवळनाथाऽ, म्हाराजाऽ!"

कालिंदी चवळीच्या शेंगा मोडत बसली होती. तिचा हात थांबला.

"हे काय चाललंय?"

"अगं आत्या, उद्या 'वहिनी'चा शो आहे. सगळे असेच येतात. तुला नाही कळणार, कल्ट आहे ते."

"म्हाराजावर श्वास सोडू नको," कालिंदी म्हणाली. "आत ओढ. माणूस बुडताना ओढतो तसा. आणि रवळनाथ पोटातून काढ. घशातून काढशील तर दोन ओळींत बसेल घसा."

मग शेंगा बाजूला ठेवून तिने ते म्हणून दाखवलं. आकांक्षाच्या हातातला कंगवा खाली पडला. हा आवाज तिने मोबाइलवर शंभर वेळा ऐकला होता. पोरं त्यावर नाचून व्हिडिओ टाकत होती, तिच्या एका मित्राने तर तो फोनची रिंग म्हणून लावला होता.

"आत्या, तू ह्या लोकांची भारी मिमिक्री करतेस गं!"

"मिमिक्री नाही," कालिंदी म्हणाली. "तो आवाज माझा आहे."

आता आधी 'वहिनी'बद्दल सांगायला हवं. 'विहिरीतली वहिनी' हा एकोणनव्वद सालचा मराठी भुताचा सिनेमा. गावचा खोत आपल्या भावजयीला विहिरीत ढकलतो, आणि ती वर येऊन सूड घेते. गिरगावात एक आठवडा कसाबसा चालला आणि उतरला. तो इतका वाईट होता की पुढे पस्तीस वर्षांनी लोकांना आवडायला लागला. शंतनु नावाचा एक मुलगा लोअर परळच्या जुन्या गोदामातल्या हॉलमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता असे पडलेले सिनेमे दाखवतो. त्या मंडळाचं नाव 'फाटका पडदा'. तिथे 'वहिनी'ला जेवढी गर्दी होते तेवढी कशालाच होत नाही. भुताच्या मनगटावर घड्याळ राहून गेलंय, ते दिसलं की अख्खा हॉल विचारतो, "वहिनी, वाजले किती?" एका प्रसंगात कॅमेरावाल्याची सावली भिंतीवर पडते, तिला सगळे उठून नमस्कार करतात. आणि शेवटी वहिनी विहिरीच्या काठावर उभी राहून देवापुढे गाऱ्हाणं घालते. कोकणात देवासमोर उभं राहून आपलं म्हणणं रीतसर मांडायचं, एकाने सांगायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी ओळीओळीला होकार द्यायचा, ते गाऱ्हाणं. पडद्यावर दीपिकाबाईंचे ओठ भलतंच काही बोलतात आणि आवाज वेगळंच म्हणतो. लोक त्यावर पोट धरून हसतात आणि हसता हसता छाती फुगवून ओरडतात, "व्हय म्हाराजा!"

ओठ आणि आवाज जुळत नाहीत याचं कारण फक्त कालिंदीला माहीत होतं. ते तिने त्या शनिवारी भाचीला पहिल्यांदा सांगितलं.

त्या वेळी कालिंदी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत कामं करायची. तिथे तिला जयवंत नेरुरकरने ऐकलं. तो तेव्हा हा सिनेमा काढत होता. नायिका दीपिका दिसायला देखणी, पण बोलायला लागली की भूतसुद्धा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आल्यासारखं वाटायचं. जयवंतने कालिंदीला दादरच्या एका डबिंग थिएटरात नेलं. सिनेमाचा एकेक तुकडा पुन्हा पुन्हा पडद्यावर फिरवायचे आणि ती दीपिकाच्या ओठांकडे बघून बोलायची. चार दिवस गेले. शेवटचा प्रसंग आला. लेखकाने लिहिलं होतं, "हे ईश्वरा, मज अबलेला न्याय दे." कालिंदी खो खो हसली. कोकणातली बाई विहिरीतून वर येऊन हे बोलेल होय? तिने कागद खाली ठेवला, चपला काढल्या आणि आपल्या बापासारखं गाऱ्हाणं म्हटलं. ते आटोपलं तेव्हा काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट हात जोडून उभा होता. जयवंतच्या डोळ्यांत पाणी होतं. "ओठ गेले खड्ड्यात," तो म्हणाला. "हेच ठेवायचं. कालिंदी, श्रेयनामावलीत तुझं नाव स्वतंत्र पाटीवर टाकतो."

तिचा बाप यशवंत घाडी. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम, पण गावाकडचा मान घाड्याचा, म्हणजे देवासमोर गावाच्या वतीने बोलायचा. चाळीत सत्यनारायण असो की गणपती, गाऱ्हाणं यशवंतरावांनीच घालायचं. बाईने ते म्हणायचं नसतं. कालिंदी लहानपणापासून त्यांच्या मागे उभी राहून ऐकायची, तेवढंच. सिनेमा लागला तेव्हा ती बापाला नवं धोतर नेसवून गिरगावात घेऊन गेली. पहिल्याच पाट्यांमध्ये तिचं नाव दिसेल, मग शेवटचं गाऱ्हाणं ऐकून तो रागावला तरी रागावताना अभिमानही वाटेल, असा तिचा हिशेब होता. पाट्या आल्या आणि गेल्या. नाव नव्हतं. शेवटी गाऱ्हाणं सुरू झालं तसा यशवंत घाडी अंधारात ताठ झाला. पोरीचा आवाज बापाला कळणार नाही असं होतं का?

दोघं चाळीत परतली. जिन्यात बाप म्हणाला, "देवाच्या कामाचो आवाज भुताक दिलंस. आणि त्येंनी तुझा नावसुदिक लावूक नाय. मान नाय, नाव नाय. कित्याक दिलंस?" त्यानंतर तो आठ वर्षं जगला. तिच्या हातचं जेवला, आजारपणात तिच्याकडून पाय चेपून घेतले, पण गाऱ्हाण्याला तिला पुन्हा कधी आपल्या मागे उभी राहू दिली नाही. ती दाराबाहेर थांबायची.

इकडे दीपिकाला एका समारंभात 'आवाजाच्या अभिनयासाठी' खास ढाल मिळाली. पुढे तिने जयवंतशीच लग्न केलं. कालिंदी विचारायला गेली तेव्हा जयवंतने चार लोकांत सांगितलं की ही बाई भांडखोर आहे, हिला काम देऊ नका. लोकांनी दिलं नाही. मग रुग्णालयाची नोकरी आली आणि कालिंदीने राग नीट घडी घालून ठेवून दिला. टाकला नाही, हे ध्यानात ठेवा.

आकांक्षाने हे सगळं शंतनुला सांगितलं. तो धावत लालबागला आला, चवळीची उसळ खाल्ली, गाऱ्हाण्याच्या दोन ओळी कानांनी ऐकल्या आणि डोकं धरून बसला.

"काकू, शंभर टक्के तुमचाच आवाज आहे. पण एक लोचा आहे," तो म्हणाला. "सिनेमाची नवी, स्वच्छ केलेली कॉपी ॲपवर येतेय. पाट्या नव्याने बनतायत. त्यात काय लिहायचं ते जयवंत सरच ठरवणार, हक्क त्यांचे आहेत. पुढच्या रविवारी पस्तीस वर्षांचा खास शो आहे, सर आणि दीपिका मॅडम येणार, शोनंतर सर यादीवर सही करणार. मग ती कायमची. तुमच्याकडे लेखी काही आहे का?"

"आवाजाचं लेखी काय असतं रे?"

"मग सरांनाच भेटा ना एकदा. वयस्कर माणूस आहे, मानतील."

कालिंदी भेटायला गेली. तिला मागायला जायचं नव्हतं, पण नाव तिला हवं होतं. एवढी एकच गोष्ट हवी होती. बाप गेला होता, घसा जुना झाला होता, पण हा सिनेमा आता तिच्या मागे उरणार होता, आणि त्यात तिचं नाव नसणार होतं.

जयवंतच्या दादरच्या फ्लॅटचं दार दीपिकाबाईंनी उघडलं. सोफ्यावर जयवंत नेरुरकर बसला होता, चौऱ्याहत्तरचा, पांढरा सदरा, मनगटावर देवाचा लाल दोरा. भिंतीवर ग्रामदैवत रवळनाथाचा मोठा फोटो, ताजा हार.

"कालिंदी... कालिंदी..." तो छताकडे बघत म्हणाला. "हां! गर्दीच्या आवाजांत होतीस ना तू? गावकऱ्यांत?"

"वहिनीचा आवाज मी दिला, जयवंतराव. चार दिवस."

"अगं, ट्रायलला खूप आवाज घेतले होते तेव्हा. शेवटी दीपिकाचाच ठेवला आपण."

"आठवतं ना मला," दीपिकाबाई म्हणाल्या. "त्या गाऱ्हाण्यानंतर तीन दिवस घसा बसला होता माझा." आणि हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. पस्तीस वर्षं सांगून सांगून त्यांना ते खरं वाटायला लागलं होतं. कालिंदीला त्याचाच जास्त राग आला.

"पण तू आलीस ते बरं केलंस," जयवंत म्हणाला. "गर्दीत तुझं नाव टाकायला सांगतो शंतनुला. शेवटी असतात ना, 'आणि इतर', त्यात. घाडी म्हणजे यशवंत घाड्यांची ना तू? आमच्या शेजारच्याच वाडीतले. त्यांचं गाऱ्हाणं म्हणजे बापरे! लहानपणी मी त्यांच्यासमोर उभा राहिलोय. त्यांनी घातलं आणि देवाने ऐकलं नाही असं झालं नाही कधी. बायपास झाल्यापासून मी दर जत्रेला गावी जातो बघ. देवाशिवाय आपलं कोण आहे?"

त्याने तिला पेढा दिला. तिने तो रुमालात बांधला आणि खाली उतरल्यावर कावळ्यांना घातला. परत येताना तिचं डोकं अगदी थंड होतं. आयुष्यात प्रथमच तिला सूड कसा घ्यायचा ते दिसत होतं, आणि तो मार्ग त्या माणसानेच स्वतःच्या तोंडाने दाखवला होता.

'फाटका पडदा'मध्ये एक रीत आहे. सिनेमातलं गाऱ्हाणं झालं की चित्र थांबवतात आणि प्रेक्षकांतला एक जण माइकवर येऊन स्वतःचं गाऱ्हाणं घालतो. कुणी घरमालकाबद्दल, कुणी बॉसबद्दल, कुणी सोडून गेलेल्या मैत्रिणीबद्दल. हॉल होकार देतो, हसतो, टाळ्या वाजवतो. आकांक्षाने त्या रविवारी आत्याचं नाव लावलं.

"आत्या, काय बोलणार आहेस?"

"गाऱ्हाणं."

"राडा नको हं करूस."

"मी टेलिफोन ऑपरेटर, माझे आई," कालिंदी म्हणाली. "मी फक्त लाइन जोडून देते."

रविवारी हॉल खच्चून भरला. पन्नासेक वहिन्या ओले केस सोडून बसल्या होत्या, त्यांतल्या निम्म्यांना मिशा होत्या. पहिल्या रांगेत जयवंत आणि दीपिकाबाई, पुढ्यात शाल-श्रीफळाचं तबक. घड्याळ दिसलं, लोकांनी वेळ विचारली. सावलीला नमस्कार झाले. दीपिकाबाई रुमालाने डोळे टिपत हसत होत्या. जयवंत मागे वळून हात हलवत होता, एवढं प्रेम त्याला सिनेमा काढला तेव्हा मिळालं नव्हतं. कालिंदी बाजूच्या खुर्चीवर साध्या सुती साडीत बसली होती. पडद्यावर तिचा सव्वीस वर्षांचा आवाज घुमला तेव्हा तिने डोळे मिटले. दोनशे माणसं त्याला हसत होती. तिने तेही मनात नोंदवलं.

चित्र थांबलं. शंतनुने नाव पुकारलं. कालिंदी पडद्यापाशी गेली, चपला काढल्या, माइक हातात घेतला आणि पदर कमरेला खोचला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

हॉलमध्ये हसू उसळायच्या तयारीत होतं, ते तिथेच अडकलं. हा पडद्यावरचाच आवाज होता. थोडा जड झालेला, थोडा खरखरीत, पण तोच. मागच्या रांगेतून कुणीतरी "आईशप्पथ" म्हणालं.

"व्हय म्हाराजा!" हॉल गरजला.

पहिल्या रांगेत जयवंत नेरुरकर उभा राहिला होता. गाऱ्हाणं सुरू झालं की कोकणात कुणी बसून राहत नाही. त्याने बूट सरकवून काढले आणि हात जोडले. अजून तो हसत होता.

"बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या धन्या, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या जाग्यार तुझी लेकरां जमली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मी यशवंत घाड्याचा चेडू, कालिंदी. बापाच्या जाग्यार उभी ऱ्हवलंय. बायलमाणसान ह्या बोलूचा नसता, ता माका ठावक आसा. पण पस्तीस वर्सां माझा गाऱ्हाणा तुझ्या पायाकडे पडान आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज जरा कमी आला. जयवंतचं हसू गेलं. दीपिकाबाईंनी त्याचा सदरा ओढला. "जयवंत, खाली बस. काय हे!"

तो बसला नाही.

"ह्या पिच्चरात तोंड दीपिकाबायचा, पण आवाज माझो. ह्यो तुझो जयवंत, तुझ्याच वाडीतलो. माझ्या आवाजार तेना पिच्चर केल्यान आणि माझा नाव पुसून टाकल्यान. बापाच्या नजरेत माका हलकी केल्यान, म्हाराजा!"

होकार आला नाही. दोनशे लोकांना कळलं होतं की हे नेहमीचं नाही. मिशावाल्या वहिन्या पदर सावरून बसल्या. शंतनु एका कोपऱ्यात पुतळा झाला होता. कालिंदीचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"ह्या खोटा आसात, तर माझी जीभ झडान पडांदे. आणि खरा आसात, तर होकार तेच्याच तोंडातसून येवंदे, म्हाराजा!"

ती थांबली. तिला घाई नव्हती.

आता उत्तर जयवंतने द्यायचं होतं. एका बाजूला दोनशे माणसं, कॅमेरे रोखलेले मोबाइल, सहीसाठी थांबलेली यादी, बायको. दुसऱ्या बाजूला यशवंत घाड्याच्या पोरीने देवाचं नाव घेऊन उघडा ठेवलेला प्रश्न. शहरातल्या माणसाला ही निवड अगदी सोपी वाटेल, आणि कोकणातल्या माणसालाही सोपीच वाटेल, फक्त उलट्या बाजूने. घाड्याच्या गाऱ्हाण्याला होकार न देता घरी जायचं, आणि छातीत आधीच एकदा चिरलेलं काळीज घेऊन झोपायचं, एवढी हिंमत त्याच्यात नव्हती. त्याचे ओठ हलले. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही.

"व्हय म्हाराजा," जयवंत म्हणाला.

"जयवंत!" दीपिकाबाई किंचाळल्या. खरंच किंचाळल्या, आणि तो आवाज कुणालाही वहिनीचा वाटला नाही.

"व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा," तो पुटपुटत राहिला. त्याचे जोडलेले हात कापत होते. कालिंदीला त्या हातांकडे बघून आनंद झाला. स्वच्छ, पोटभर आनंद. कुणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसाचे हात कापताना बघून आनंद कसा होतो? ज्याला पस्तीस वर्षं दाराबाहेर उभं केलं असेल त्याला विचारावं.

गाऱ्हाण्याला शेवट असतो. कितीही मोठी तक्रार असो, शेवटी घाडी म्हणतो की चुकलंमाकलं पदरात घे आणि सगळ्यांची राखण कर. त्याशिवाय गाऱ्हाणं मिटत नाही, उघडंच राहतं, आणि उघडं गाऱ्हाणं कुणाच्या नावावर ठेवून उठायची कुणाची छाती होत नाही. जयवंत त्या ओळीची वाट बघत उभा होता. ओल्या केसांच्या वहिन्या वाट बघत होत्या, त्यांनाही ती ओळ तोंडपाठ होती.

कालिंदीने माइक शंतनुच्या हातात दिला, चपला घातल्या आणि मधल्या वाटेने चालायला लागली.

"कालिंदी," मागून जयवंत म्हणाला. आता त्याला नाव बरोबर आठवत होतं. "शेवट... शेवट कर गो."

तिने मागे पाहिलं नाही. कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, मग सगळा हॉल उभा राहिला. आकांक्षा पळत मागे आली तेव्हा आत्या रस्त्यावर उसाच्या रसवाल्यापाशी उभी होती. "बर्फ नको," ती त्याला सांगत होती. "घशाला त्रास होतो."

यादी त्याच संध्याकाळी बदलली. शंतनुने फोटो पाठवला. स्वतंत्र पाटी, वर दुसरं काही नाही: वहिनीचा आवाज, कालिंदी यशवंत घाडी. खाली जयवंतची वाकडीतिकडी सही. कालिंदीने तो फोटो मोठा करून छापून घेतला आणि बापाच्या तसबिरीशेजारी लावला. लावताना ती रडली, बराच वेळ रडली. आकांक्षाला तिने दार ओढून घ्यायला सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी जयवंत नेरुरकर लालबागला आला, एकटाच, हातात पिशवी. तीन रात्री त्याला झोप नव्हती हे डोळ्यांवरूनच दिसत होतं. कालिंदीने त्याला बसवलं, पाणी दिलं, आल्याचा चहा दिला. त्याने पिशवीतून देवाच्या नावाचा नारळ काढून तिच्यापुढे ठेवला.

"नाव लावलं मी," तो म्हणाला. "दीपिका माहेरी गेलीय, बोलत नाही माझ्याशी. सगळीकडे तो व्हिडिओ फिरतोय. आता काही राहिलं नाही माझ्याकडे. तेवढा शेवट कर. एक ओळ आहे गो. राखण कर म्हण."

कालिंदीने तसबिरीकडे पाहिलं. "जयवंतराव, माझे बाबा ह्याच खोलीच्या जागी, जुन्या घरात गेले. मला माफ न करता गेले. मी आठ वर्षं दाराबाहेर उभी होते. गाऱ्हाण्याचा शेवट त्यांचा मान. तो तुम्ही त्यांच्याकडूनच म्हणवून घ्या."

"ते कसं शक्य आहे?"

"हो ना," कालिंदी म्हणाली. "मीही तेच म्हणते आहे. चहा गार होतोय."

त्याने चहा घेतला नाही. भिंतीला धरून उठला, तसबिरीला हात जोडले आणि लिफ्टकडे गेला. नारळ तिथेच राहिला. अर्धं गाऱ्हाणं मागे असताना असा नारळ कुणी घरात फोडत नाही, ते कालिंदीला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

दुपारी तिने तो फोडला. खोबरं गोड निघालं. आमसुलं भिजत घातलेलीच होती, तिने त्याची सोलकढी केली आणि जेवणावर दोन वाट्या प्यायली.